पंखा नसलेलं यंत्र

दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण लिहिलेल्यांना ते तीन कप्पे अजून आठवत असतील: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. त्या कप्प्यांत कवितेचे हाल व्हायचे ते व्हायचेच, पण एक चांगली खोड लागायची. कुणीतरी विचार करून घडवलेली गोष्ट पुढ्यात आली की हे इथंच का, असंच का, आणि काय गाळलंय, असं विचारायची. लॅपटॉप घ्यायला निघालो की ही खोड कुठं जाते कोण जाणे. दुकानात तक्ता समोर येतो, त्याच्या शेजारी दुसरा तक्ता, आणि ज्या रकान्यात आकडा मोठा तिकडं बोट जातं. तक्त्यात खोटं काही नसतं. फक्त यंत्रानं काय सोडून दिलं, याचा रकाना त्यात नसतो. चांगल्या पातळ लॅपटॉपचं मर्म मात्र त्याच रकान्यात असतं, असं माझं मत आहे.

वाचायला घेतलंय ते यंत्र म्हणजे ॲपलचा मार्च 2025 मध्ये आलेला छोटा मॅकबुक एअर, एम4 चिपचा. वजन 1.24 किलो, जाडी 1.13 सेंटिमीटर, पडदा 13.6 इंची, मेमरी 16 जीबी, साठवण 256 जीबी. आला तेव्हाची भारतातली किंमत 99,900 रुपये, विद्यार्थी आणि शिक्षकांना 89,900. वाचायची जागा अहिल्यानगर. 2024 पर्यंत कागदोपत्री अहमदनगर आणि बोलताना अजूनही नगर. जागा सांगायचं कारण आहे. कॅलिफोर्नियातल्या थंड खोलीत लिहिलेलं यंत्राचं वर्णन सावेडीतल्या पत्र्याखालच्या स्टुडिओत, माळीवाड्यातल्या डीटीपीच्या दुकानात किंवा पाथर्डीकडच्या एखाद्या वस्तीवर तसंच वाचलं जात नाही. काही ओळी तिथं एकदम उजळतात आणि काही साफ पडतात.

आधी पातळपणा. 15 जानेवारी 2008 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर स्टीव्ह जॉब्झ यांनी ऑफिसात कागदपत्रं फिरवायच्या साध्या खाकी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर बाहेर काढला. टाळ्या झाल्या, ते दृश्य जगभर गेलं. आज त्या यंत्राकडं पाहिलं तर ती चमत्कृती होती, त्यापुढं फार काही नव्हतं. आत आयपॉडच्या जातीची 1.8 इंची मंद हार्डडिस्क, तीही 80 जीबीची. यूएसबीचं भोक एकच. किंमत 1,799 डॉलर. पातळपणा मिळवायला वेग, जागा आणि पैसे असे तिन्ही मोजलेले. पुढची बारा वर्षं बहुतेक सगळे पातळ लॅपटॉप थोड्याफार फरकानं याच हिशेबावर चालले. पातळ हवा तर हळू घ्या, वेगवान हवा तर पाठीवर अडीच किलो घ्या, आणि दोन्ही हवं तर खिसा मोकळा करा. पातळ कवचात तापणारी चिप कोंबायची, तिच्यावर नखाएवढा पंखा बसवायचा, तो किंचाळू लागला की चिपनं मुकाट्यानं वेग उतरवायचा. वापरणाऱ्याला वाटायचं, आपल्यालाच लॅपटॉप नीट वापरता येत नाही.

नोव्हेंबर 2020 मध्ये हा हिशेब मोडला. ॲपलनं इंटेलची चिप काढून स्वतःची एम1 घातली आणि एअरमधला पंखाच काढून टाकला. एम4 हा त्याच वळणावरचा चौथा टप्पा. त्यामुळं या यंत्राचं रसग्रहण करायचं तर पंख्याच्या रिकाम्या जागेपासूनच सुरुवात करायला हवी.

चिपमध्ये जाणारी वीज कुठं जाते? गणितं सोडवण्यात ती संपत नाही. जेवढी आत जाते तेवढी जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. पंखा म्हणजे आत वीज जास्त जाते आहे याची कबुली. तो काढायचा तर तेच काम कमी विजेत होईल अशी चिपच घडवावी लागते, दुसरा उपाय नाही. एम4 मध्ये दहा गाभे आहेत. चार जोरकस, सहा काटकसरी. मेल लिहिणं, पीडीएफ चाळणं, गाणी लावून ठेवणं असली कामं काटकसरी गाभ्यांकडं जातात. फोटोत धूसर मागची बाजू काढायची किंवा व्हिडिओला रंग चढवायचा म्हटलं की जोरकस चौघं उठतात, काम उरकतात आणि परत बसतात. चित्रं रंगवणारा भाग आणि हिशेब करणारा भाग एकाच मेमरीतून घेतात, त्यामुळं तीच माहिती इकडून तिकडं नकलून पाठवायची खटपट वाचते. तीन नॅनोमीटरच्या प्रक्रियेत घडवलेल्या या चिपवर 28 अब्ज ट्रान्झिस्टर आहेत, आणि इतकं असून रोजच्या कामात यंत्राचा तळ कोमटसुद्धा होत नाही.

या शांततेची सवय लागते. रात्री घरातले झोपल्यावर ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ती विशेष कळेल. एकांकिकेचं पार्श्वसंगीत बांधणारी, पुस्तकं वाचून त्यांचे ऑडिओ करणारी, कीर्तनाचे व्हिडिओ कापणारी मंडळी नगरात आता पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या फार थोड्यांकडं आवाजबंद खोली आहे. माईकजवळ ठेवलेल्या लॅपटॉपचा पंखा मुद्रणात उतरतो तो नंतर काढता काढता नाकी नऊ येतात. इथं काढायला काही नसतंच. दुसरा फायदा धुळीचा. पंखा बाहेरची हवा ओढतो, म्हणजे नगरची धूळही ओढतो. दर वर्षी लॅपटॉप दुकानात नेऊन ब्लोअरनं साफ करून आणायचा उद्योग इथल्या कुणाला नवा नाही. या यंत्रात हवा ओढणारं काही नाही.

मग मे महिना येतो.

यंत्राच्या तांत्रिक माहितीत अगदी तळाला, कुणी वाचत नाही अशा ठिकाणी, एक ओळ असते: वापरायचं तापमान 10 ते 35 अंश सेल्सिअस. सगळ्या तक्त्यात मला हीच ओळ सर्वांत प्रामाणिक वाटते. नगरची एप्रिल-मेची दुपार चाळिशीला टेकते, आणि पत्र्याखाली बसलेल्याला त्याहून अधिक सोसावं लागतं. म्हणजे वर्षातले दोन-अडीच महिने, दुपारी, कूलर नसलेल्या खोलीत, हे यंत्र त्याच्या कर्त्यानं गृहीत धरलेल्या जगाच्या बाहेर असतं. ते बंद पडत नाही. पंख्याशिवाय उष्णता बाहेर टाकायला ॲल्युमिनियमचं कवच तेवढं असतं, आणि कवच आधीच तापलेल्या हवेत असेल तर चिप वेग उतरवते. दोन-तीन मिनिटांचं काम असेल तर पत्ताही लागत नाही. अर्ध्या तासाचा रेंडर लावला तर सुरुवातीचा झपाटा काही मिनिटांत ओसरतो आणि पुढचा पल्ला सावकाश जातो. थंडीत किंवा पावसाळ्यात त्याच कामाला कमी वेळ लागतो. हीच चिप पंख्यासह हवी असेल तर मॅकबुक प्रो आहे. तो जाड, जड आणि बराच महाग.

याला दोष म्हणावं का? मी मर्यादा म्हणेन, आणि ती कर्त्यानं समजून स्वीकारलेली आहे असं म्हणेन. चार ओळींच्या कवितेत महाकाव्याचा पल्ला नाही म्हणून तिला कुणी नापास करत नाही. पण ज्याला महाकाव्यच लिहायचंय, म्हणजे रोज तासन्‌तास थ्रीडी ॲनिमेशन रेंडर करायचंय, त्यानं याच पैशांतला ग्राफिक्स कार्डवाला जाडजूड गेमिंग लॅपटॉप घ्यावा आणि पंख्याचा आवाज ऐकावा. त्याच्यासाठी तो आवाजच योग्य.

आता वीज. तक्त्यात बॅटरीचा रकाना असतो आणि त्यात तासांचा आकडा असतो. कंपनी व्हिडिओ पाहण्यासाठी 18 तासांपर्यंत आणि वेबसाठी 15 तासांपर्यंत म्हणते. असे आकडे मी नेहमी नोकरीच्या जाहिरातीत पगारापुढं येणाऱ्या 'पर्यंत'सारखे वाचतो. अधिक बोलका आकडा वेगळा आहे: 53.8 वॅट-तास. एवढीशी बॅटरी. महावितरणच्या बिलातलं एक युनिट म्हणजे 1,000 वॅट-तास. चार्जरमधली गळती धरूनही एका युनिटात हे यंत्र पंधराएक वेळा पूर्ण भरेल. सोबत चार्जर 30 वॅटचा येतो, फोनच्या वेगवान चार्जरांपुढंही किरकोळच. संकलनाच्या कामात सरासरी 12 वॅट खर्च होत असतील, तर बॅटरीवर साडेचार तासांच्या आसपास निघतात. नुसतं लिहायचं असेल तर दिवस निघतो.

हे वस्तीवर वाचून पाहा. शेतीपंपांची थ्री फेज वीज बऱ्याच ठिकाणी पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. घरातल्या सिंगल फेजचाही वळवाच्या वादळात भरवसा नसतो. एक फांदी तारेवर पडली की संध्याकाळ गेली. घरचा इन्व्हर्टर दोन बल्ब, एक पंखा आणि राउटर सांभाळत असतो. त्यावर 180 वॅटचा गेमिंग लॅपटॉप लावला की घरातले बघू लागतात. 30 वॅटचा चार्जर मात्र कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि खरी खुबी याच्याही पुढं आहे. बरेच लॅपटॉप प्लग काढला की वेग उतरवतात. दुकानात तारेला जोडून दाखवलेला वेग आणि घरी लाईट गेल्यावरचा वेग हे दोन वेगळे लॅपटॉप असतात म्हणा ना. एअर तार असताना आणि नसताना जवळपास सारखाच चालतो. ही ओळ तक्त्यात सापडत नाही, आणि नगरसारख्या ठिकाणी मी तिला बाकी सगळ्या ओळींच्या वर ठेवीन.

पडद्याबद्दल छायाचित्रकार बोलतील ते रंगांबद्दल बोलतील, आणि रंग खरोखर चांगले आहेत. पी3 म्हणतात तो विस्तृत रंगपट्टा, 500 निट्सचा उजेड. हळदीचा पिवळा आणि शालूचा हिरवा पडद्यावर दिसतो तसा अल्बममध्ये उतरेल की नाही हे छापणाऱ्यावरही अवलंबून असतं, पण निदान सुरुवात खरी होते. पडदा चकचकीत आहे, खिडकीकडं पाठ करून बसलं की स्वतःचा चेहरा दिसतो. मला मात्र या पडद्यावर आवडते ती देवनागरी. आपल्या लिपीचा सगळा जीव बारीक जागांत आहे: रफार, उकार, अनुस्वाराचा ठिपका, 'राष्ट्र'मधला 'ष्ट्र', 'सुऱ्या'मधला तो अर्धा र. 15.6 इंची, 1366 बाय 768 च्या जुन्या स्वस्त पडद्यावर एका इंचात शंभरच ठिपके असतात. तिथं 'ष्ट्र' म्हणजे काळा डाग. फुल एचडी पडद्यावर 141. इथं 224 आहेत, आणि दहा पॉइंटातला मजकूरही छापील पानासारखा वाचता येतो. दिवसभर मुद्रितं तपासणाऱ्याच्या डोळ्यांना हा फरक तिसऱ्या प्रहरी कळतो. यंत्रासोबत येणाऱ्या देवनागरी अक्षरसंचांत 'श्री देवनागरी 714' आहे, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या घराण्यातला; अनेक मराठी छापखान्यांना श्रीलिपीमुळं ते घराणं परिचयाचं. लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट धर्तीचा कळफलक आहे, आणि इंग्रजी कळांवरून टंकणाऱ्यांसाठी देवनागरी-क्वर्टी.

अर्थात, नुसतं लिहायचं असेल तर एवढ्या यंत्राची गरज नाही, हेही सांगायला हवं. इथल्याच भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबरात नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'ची हजारभर पानं हातानं लिहिली. लेखनाला लागतं ते वेगळंच काही, आणि ते कुठल्याच किमतीला मिळत नाही.

यंत्राचा कस लागतो तो चित्रफितींवर, आणि या बाबतीत नगरची ओळख मोठी आहे. लाल टाकीजवळच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापनाचं शिक्षण घेत असताना नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला, त्याला पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढं 'फँड्री' आणि 'सैराट' आले. जिल्ह्याच्या गावच्या कॉलेजातून सिनेमा करता येतो, ही गोष्ट त्यानंतर इथल्या मुलांना सांगावी लागली नाही. त्या काळात विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा टेपचे कॅमेरे असत. तासाभराची टेप संगणकात उतरवायलाच तास लागे, आणि संकलनाचा संगणक म्हणजे खोलीत एका जागी रोवलेलं धूड. दिग्दर्शकानं संगणकाकडं जायचं. आता संगणक चित्रीकरणाच्या ठिकाणी जातो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली बसून सकाळचे शॉट जोडून पाहता येतात, आणि दुवा जुळत नसेल तर नट अजून मेकअपमध्ये असताना शॉट पुन्हा घेता येतो. पातळपणाचं हे खरं आशयसौंदर्य. यंत्र पिशवीत मावतं म्हणून कामाचा क्रम बदलतो.

लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्यांचा अनुभव याहून रोखठोक आहे. आजचे सोनीचे कॅमेरे 10-बिट 4:2:2 प्रकारची 4के फीत देतात. ती दाबून ठेवलेली असते. पाहताना दर क्षणी उलगडावी लागते, आणि साध्या संगणकाचा दम तिथंच जातो. टाइमलाइनवर बोट फिरवलं की चित्र अडखळतं, मग प्रॉक्सी, म्हणजे फितीच्या हलक्या नकला, बनवा, रात्रभर थांबा. एम4 मध्ये या उलगडण्यासाठी चिपवरच वेगळा विभाग आहे. दोन कॅमेऱ्यांच्या फिती शेजारी ठेवून मंगलाष्टकांची जुळवाजुळव करताना हात थांबत नाही. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंतचं काम करून देते, म्हणजे यंत्रावर आणखी सॉफ्टवेअरचा खर्च नाही. फक्त एक अडचण, आणि ती लहान नाही: लग्नाच्या धंद्यातल्या कितीतरी संकलकांचा हात एडियस या सॉफ्टवेअरवर बसलेला आहे, आणि एडियस मॅकवर चालत नाही. दहा वर्षांत बोटांत भिनलेल्या शॉर्टकटांची किंमत कुठल्या रकान्यात धरायची?

आता 256 कडं वळू, कारण या यंत्रातली सर्वांत लबाड ओळ ती आहे.

4के फीत सेकंदाला 100 मेगाबिटनं नोंदली तर तासाला 45 जीबी होते. साखरपुडा, हळद, लग्न, वरात धरून दोन कॅमेऱ्यांची मिळून पाच तासांची फीत जमली, तर 225 जीबी. 256 जीबीतला काही भाग यंत्रणेनं आणि सॉफ्टवेअरनं आधीच व्यापलेला असतो. म्हणजे एका लग्नातच यंत्र भरलं. लग्नसराईत दुसरं लग्न परवा असतं. मग 512 जीबीचं घ्यावं? आला तेव्हा त्याची किंमत 1,19,900 रुपये होती. ग्राफिक्सचे दोन गाभे जास्त मिळतात हे खरं, पण मुख्यतः 256 जीबीच्या वाढीव जागेसाठी हे 20,000 रुपये होते, आणि यापेक्षा चौपट जागेची बाहेरची एसएसडी कितीतरी स्वस्तात येते. त्यामुळं जाणकार काय करतात तर कमी जागेचं यंत्र घेतात, फीत बाहेरच्या एसएसडीवर ठेवतात आणि तिथूनच संकलन करतात. थंडरबोल्टचं भोक त्याला पुरेसं वेगवान आहे. अशी भोकं दोनच, दोन्ही डाव्या बाजूला. कार्ड घालायला खाच नाही, सभागृहाच्या प्रोजेक्टरसाठी एचडीएमआय नाही. बोटाहूनही पातळ यंत्राबरोबर अडॅप्टर, रीडर आणि एसएसडीची एक गुंतवळ पिशवीत येते. पातळपणाचा थोडा भार असा बाहेर ढकललेला आहे.

पण मला खरी तक्रार करायची आहे ती यापुढची. या यंत्रात मेमरी आणि साठवण नंतर वाढवता येत नाही. मेमरी चिपच्याच पुडक्यात बसवलेली, साठवण बोर्डावर डकवलेली. जे घेतलं ते शेवटपर्यंत. नगरच्या बाजारपेठेत संगणकांची जी दुकानं आहेत त्यांचा धंदा आणि त्यांची विद्या दोन्ही याच्या उलट गोष्टीवर उभी आहेत: रॅम टाकून देणं, हार्डडिस्क काढून एसएसडी बसवणं, कळफलक बदलणं, आठ वर्षांचा लॅपटॉप मुलाच्या कॉलेजसाठी आणखी तीन वर्षं चालता करणं. आज जमेल तेवढ्याचं घ्यायचं आणि पैसे आले की वाढवायचं, हा इथल्या घरांचा हिशेब आहे. घराचा वरचा मजलासुद्धा असाच चढतो. एअर हा हिशेबच नाकारतो. घेण्याच्या दिवशी पुढच्या सहा-सात वर्षांचा अंदाज बांधायला लावतो आणि त्या अंदाजाचे पैसे आगाऊ घेतो. एकाच चिपमध्ये सगळं जवळ आणल्यामुळं वेग वाढला, हे तांत्रिक कारण मेमरीच्या बाबतीत पटतं. साठवणीच्या बाबतीत मला ते पटत नाही. तिथं कारण व्यापाराचं आहे.

उत्तम कलाकृतीत वाचकाला शिरायला कुठंतरी फट असते. या यंत्राच्या कवचात तशी फट नाही. म्हणून त्याच्या देखणेपणाचं कौतुक करताना माझा हात थोडा आखडता राहतो. बॅटरी तेवढी बदलता येते, आणि 1,000 वेळा भरूनही तिची मूळची 80 टक्के क्षमता टिकेल अशी ती घडवली आहे, हे कंपनीचं म्हणणं.

ऑफिसच्या कामाबद्दल थोडक्यात. हा जिल्हा सहकाराचा, पतसंस्थांचा, कारखान्यांचा. हिशेब टॅलीत असतात आणि टॅली विंडोजवर असते. या चिपवर विंडोज थेट बसवता येत नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत विंडोज चालवावं लागतं, त्याचे वेगळे पैसे, आणि डिजिटल सहीचं टोकन तिथं रुसण्याची शक्यता. डीटीपीवाल्यांचंही तेच. पेजमेकरमधल्या जुन्या फायली, श्रीलिपीचं कुलूप, युनिकोडपूर्व अक्षरसंचातली पंधरा वर्षांची लग्नपत्रिका-स्मरणिकांची पुंजी, हे सगळं सोडून कुणी सडपातळ यंत्रामागं जाऊ नये. पंचेचाळीस ते साठ हजारांतला, मेमरीची मोकळी खाच असलेला विंडोज लॅपटॉप त्यांना अधिक शोभतो. कर सल्लागार, पतसंस्थेचा व्यवस्थापक आणि छापखाना यांच्यासाठी हे यंत्र लिहिलेलंच नाही.

कुणासाठी लिहिलंय मग? ब्राउझरमध्ये काम करणारे, शिक्षक, पत्रकार, अनुवादक, पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम गावी बसून करणारे प्रोग्रॅमर, फोटो आणि व्हिडिओ करणारे पण एडियसला न बांधलेले. यांच्यासाठी लाखाचा आकडा 'परवडणारा' ठरतो का? कांद्याला भाव लागलेल्या वर्षी ठरतो, एरवी ओढाताण आहे. ऑक्टोबर 2024 पर्यंत एअरची सुरुवात 8 जीबी मेमरीपासून होत असे. एम1 तसाच 92,900 ला आला होता, एम2 1,19,900 ला, एम3 1,14,900 ला. 16 जीबीसह पहिल्याच दिवसापासून लाखाच्या आत येणं ही या मालिकेतली पहिली उदार ओळ. आज आहे तो वेग कामाला बरीच वर्षं पुरेल, त्यामुळं वर्षाला वाटून पाहिलं तर तीन वर्षांत दमणाऱ्या पन्नास हजारांच्या लॅपटॉपच्या जवळपास बसतो. वाटून पाहायला मात्र पहिल्या दिवशी सगळे पैसे हातात असावे लागतात, आणि हप्त्यांचं व्याज त्या वाटणीत धरावं लागतं. जुना एम1 कुणी स्वस्तात देत असेल तर तोही वाईट नाही, लिहिण्या-वाचण्यासाठी उत्तमच; पण 8 जीबीचा असेल तर 4के फितींसाठी घेऊ नये.

आणि घ्यायचंच ठरलं तर आपल्या कॅमेऱ्याचं भरलेलं कार्ड आणि रीडर घेऊन दुकानात जावं. दुकानदार नमुन्याची चित्रफीत दाखवेल ती पाहू नये. स्वतःची फीत टाकून, चार्जर काढायला सांगून, अर्धा तास काम करून बघावं. दुकानात एसी चालू असतो, तेवढं लक्षात ठेवावं.